चौथ्या रिळाआधी पाचवे

सुधाकर, तुझ्यावर मी आजवर एकच बातमी लिहिली. पाच ओळींची, चौकटीतली, जिल्हा पानाच्या तळाशी. तिच्यात तुझे नाव नव्हते. ‘यंत्रचालकाच्या चुकीमुळे’ एवढेच होते. पण त्या टॉकीजला यंत्रचालक एकच होता आणि ते सगळ्या भंडाऱ्याला माहीत होते. बातमी आली त्या दिवशी शेठने तुला मशीनवरून उतरवले आणि दारावर तिकिटे फाडायला उभे केले. तू पुन्हा कधी मशीनला हात लावला नाहीस. आता तू गेलास त्याला सोळा दिवस झाले, आणि मला अजून ठरवता आलेले नाही की ती बातमी खरी होती की खोटी.

तू कुठे जन्मलास, किती शिकलास, मागे कोण कोण आहे, ते सगळे परवा आमच्याच पानावर छापून आले. ते दुसऱ्याने लिहिले. मला फक्त एका दुपारबद्दल लिहायचे आहे. ती मी डोळ्यांनी पाहिली आणि तरीही ती मला कळलेली नाही.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा आमचे पानही तुटले. गोंदिया, तिरोडा, आमगाव इकडच्या बातम्या वेगळ्या पानावर गेल्या आणि भंडाऱ्याच्या पानाला रोज दुपारी मोठी मोकळी जागा उरू लागली. ती भरायचे काम माझे होते. त्या दिवसांत मी काहीही लिहीत असे. बंद पडलेला हातपंप, सापडलेली म्हैस, वैनगंगेच्या पुलावर थांबलेला ट्रक. हे समर्थन म्हणून सांगत नाही. तू मला एकदा विचारले होतेस, ‘काहून लिहिलं बे?’ तेव्हा मी उत्तर दिले नव्हते. उत्तर इतकेच होते. जागा होती.

जिल्हा तुटल्याचा फटका तुझ्या लायब्ररीलाही बसला होता. लायब्ररी म्हणजे बसस्टँडच्या भिंतीला टेकवलेली लोखंडी पेटी आणि दोन खांबांना बांधलेली सुतळी. सुतळीवर चिमट्यांनी अडकवलेले हिंदी कॉमिक्स, भाड्याने न्यायचे. सकाळी तू बसायचास, बाराचा खेळ लागायच्या आधी सुनंदावहिनी येऊन जागा घ्यायच्या आणि तू टॉकीजवर जायचास. तुझे गिऱ्हाईक म्हणजे लहान मुलेच, असे मला वाटायचे. एक दिवस बसून पाहिले, तर एसटीचे दोन कंडक्टर, कॉलेजच्या मुली, पितळी भांड्यांच्या दुकानातला एक मुनीम आणि जिल्हा परिषदेचा शिपाई, इतके लोक पाठोपाठ येऊन गेले.

भाड्याच्या कॉमिक्सचा एक नियम असतो, तो तूच मला सांगितलास. दोन भागांची गोष्ट क्रमाने कधीच मिळत नाही. पहिला भाग नेहमी कुणाकडे तरी गेलेला असतो. त्या दिवशी एक कॉलेजची मुलगी कुरकुरत होती.

‘भाऊ, पहिला कुठं हाय?’

‘लाखनीले गेला. दुसरा घेऊन जाय, पहिला मंग वाच.’

‘मंग सगळं आधीच कळून जाईन ना.’

‘शेवट कळन. सुरुवात कुठं कळून राहिली? ते शोधत बस घरी.’

ती दुसरा भाग घेऊन गेली. भंडाऱ्यात असे वाचणाऱ्यांची एक पिढी तयार झाली होती. मुखवट्यातला माणूस त्यांना आधी भेटायचा आणि तो मुखवट्यात का गेला ते पुढच्या आठवड्यात, पहिला भाग परत आला तर. एका वेल्डरच्या गोष्टीचा पहिला भाग तर वर्षभर आलाच नाही. कलेक्टर ऑफिसातला एक बाबू तो घेऊन गेला आणि त्याची बदली नव्या जिल्ह्यात झाली. पहिला भाग गोंदियाला, दुसरा भंडाऱ्याला. तू सगळ्यांना सांगत फिरायचास, ‘सरकारनं जिल्हाच नाही, कॉमिक्स बी तोडलं.’

ती गोष्ट परदेशी होती, हिंदीत आणलेली. एका बंदरावरचा वेल्डर एका स्फोटात सापडतो आणि नंतर त्याच्या तळहातांतून उजेड निघू लागतो. भंडाऱ्यात त्याला कुणी त्याच्या नावाने ओळखत नव्हते. सगळे ‘टार्चवाला’ म्हणत.

कॉमिक्सवरून केलेले परदेशी सिनेमे हिंदीत बोलके होऊन आपल्याकडे यायला लागले ते याच सुमारास. अमरावतीच्या वितरकांकडून रिळांची पेटी यायची, पुण्या-मुंबईच्या कितीतरी महिन्यांनी, रिळांवर ओरखडे घेऊन. पहिल्यांदा असा सिनेमा आला, तेव्हा शेठने रिक्षावरच्या भोंग्यातून ‘मशहूर कॉमिक्स पर आधारित’ असे ओरडायला लावले. लोक दारापर्यंत आले, पोस्टर पाहिले आणि परत गेले. मी दारात उभा राहून ऐकले. ‘लेकराईचा पिक्चर हाय बे. चाल.’ जे आत गेले त्यांनी वेगळ्याच तक्रारी केल्या. कॉमिक्स वाचलेले म्हणाले, कपडा लाल पाहिजे, काळा काहून केला? तू म्हणालास, ‘टेलर बदलला असन.’ न वाचलेल्यांपैकी एकाने इंटरव्हलमध्ये मला गंभीरपणे विचारले, ‘हा माणूस रोज मारामाऱ्या करते, मंग कामावर कवा जाते?’ मी ते टिपून ठेवले होते. छापले नाही, पण वही अजून आहे.

टार्चवाल्याचा सिनेमा आला, तेव्हा भोंग्यातून कॉमिक्स हा शब्द गायब झाला. ‘विदेशी मारधाड, हिंदीत’ एवढेच राहिले. मी म्हणालो, हे लोकांपासून माहिती लपवणे आहे. तू मशीन पुसत म्हणालास, ‘तू मथळ्यात सगळी बातमी सांगते का बे पत्रकार?’ तो वाद तिथेच राहिला. तुझ्या-माझ्यातले बहुतेक वाद असेच राहिले. तुला मशीन सुरू करायचे असायचे आणि मला चारच्या आत ऑफिस गाठायचे असायचे.

त्यातला एक वाद मी आता पुन्हा पुन्हा आठवतो. मी म्हणालो होतो की या गोष्टी पडद्यावर आणण्यात काही अर्थ नाही. चित्र आधीच काढलेले आहे, सिनेमावाल्याने ते फक्त हलवायचे. तू कॉमिक्स उघडून माझ्यापुढे धरलेस आणि दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलेस. ‘इथं काय हाय?’ मी म्हणालो, काही नाही. ‘काही नाही कसं? या चौकटीत हात वर हाय, त्या चौकटीत माणूस पडला हाय. मारलं कोण? वाचणाऱ्यानं. पिक्चरात ही पट्टीच नाही. तिथं सगळं दाखवून टाकतेत.’

हे तू सिनेमा यायच्या आधी म्हणालास की नंतर? आधी म्हणाला असशील तर एक अर्थ निघतो, नंतर म्हणाला असशील तर दुसरा. माझ्या वहीत या संभाषणावर तारीख नाही. मी प्रत्येक नोंदीवर तारीख टाकतो. या एकाच नोंदीवर नाही.

आता ती दुपार. पहिला दिवस, बाराचा खेळ. टॉकीजच्या दोन मशीनपैकी एक बंद होते, त्यामुळे रीळ संपले की पडदा काळा व्हायचा आणि दुसरे चढेपर्यंत हॉल अंधारात बसायचा. माझ्या शेजारी शेषराव होता. लाखनीला हायवेवर त्याचे ट्रक दुरुस्तीचे दुकान. पोस्टरवर वेल्डिंगच्या ठिणग्या पाहून दुकान बंद करून, दोन कारागिरांना घेऊन एसटीने आला होता. ‘आपला पिक्चर हाय,’ असे त्याने मला बसताबसता सांगितले. सुरुवातीला हिरो जहाजाचा पत्रा जोडतो, तेव्हा शेषराव चिडला.

‘चष्मा काहून नाही लावला बे यानं? डोये जातीन ना!’

‘हिरो हाय तो,’ मागून कुणीतरी म्हणाले.

‘हिरो असन तर का झालं? चष्मा पाहिजेच.’

तिसरे रीळ संपले. अंधार. मग उजेड झाला, तेव्हा पडद्यावर एक मुखवट्यातला माणूस गच्चीवर उभा होता आणि त्याच्या तळहातांतून उजेड पडत होता. वेल्डर कुठे गेला, हा कोण, काहीच नाही. नागपूरच्या एका पेपरात मी या सिनेमाची गोष्ट वाचली होती. स्फोट आधी व्हायला हवा होता. मला लगेच कळले की चौथ्या रिळाआधी पाचवे लागले आहे.

हॉलमध्ये कुणी ओरडले नाही. रीळ संपले, अंधार झाला, आणि त्या अंधारात सगळे बोलू लागले.

‘हा त्याचा भाऊ असन.’

‘भाऊ नाही बे. मालक हाय, जहाजाचा.’

‘मालक कायले जीव धोक्यात घालन?’

हॉल हसला. मग स्फोटाचे रीळ लागले. जहाजाच्या पोटात आग, वेल्डर खाली पडलेला. तो शुद्धीवर येतो, उठतो, भिंतीला हात टेकतो आणि भिंत उजळते. मग शेषराव खुर्चीवरून उठून उभा राहिला.

‘हाच तो! अरे, आपलाच माणूस हाय बे!’

त्यानंतर काय झाले ते मी तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही सभेत पाहिले नाही. शिट्ट्या, टाळ्या, गळ्यातले दुपट्टे हवेत. शेषरावचे दोन्ही कारागीर एकमेकांच्या गळ्यात पडले. मी मागे वळून वर मशीनच्या खिडकीकडे पाहिले. तुझा चेहरा खिडकीत होता. तू पडद्याकडे पाहत नव्हतास, हॉलकडे पाहत होतास.

हा पुरावा मानायचा का? मशीन चालू असताना ऑपरेटर खिडकीत उभे राहतातच. आणि हॉलमध्ये इतका गोंधळ झाल्यावर कुणीही हॉलकडेच पाहील.

तुझ्या मशीनच्या खोलीकडे जायला अकरा लोखंडी पायऱ्या होत्या. त्या चढून मी तुला विचारू शकलो असतो. मी घड्याळ पाहिले आणि ऑफिसला गेलो. ‘रिळे उलटी, प्रेक्षक खूश’ असा मथळा दिला. खाली लिहिले की येथील एका चित्रपटगृहात यंत्रचालकाच्या चुकीमुळे परदेशी चित्रपटाची रिळे उलटसुलट दाखवण्यात आली. विशेष म्हणजे प्रेक्षकांच्या ते लक्षातही आले नाही. जागा बरोबर भरली.

दुसऱ्या दिवशी शेठने तुला समोर उभे केले, तेव्हा मी तिथे होतो. तू म्हणालास, ‘चुकलं शेठजी. लीडर फाटला होता.’ प्रत्येक रिळाच्या तोंडाशी नंबर लिहिलेली कोरी पट्टी असते, तिला लीडर म्हणतात. आधीच्या गावाने ती फाडली असेल आणि रिळे चुकीच्या डब्यांत घालून पाठवली असतील, तर असे होऊ शकते. हे शक्य होते. पण शेठसमोर तू दुसरे काय म्हणणार होतास? मुद्दाम केले म्हणाला असतास, तर दारावरही ठेवले नसते.

बरीच वर्षे गेल्यावर, टॉकीज बंद पडून तिथे मंगल कार्यालय झाल्यावर, लाखनीच्या स्टँडवर चहा पिताना मी विषय काढला. प्रश्न विचारला नाही, विषय काढला. म्हणालो, ती चूक झाली तेव्हा. तू कप खाली ठेवलास. ‘चूक? मी डोये बांधून रीळ चढवत होतो बे. हातात घेतलं का समजे कोणतं हाय.’ मी पुढे काही बोलण्याआधी तुझ्या गावची, दिघोरीची बस लागली आणि तू धावलास.

आणि शेवटचे म्हणजे यंदाच्या धानकापणीनंतर. तू खाटेवर होतास, आवाज बारीक झाला होता. मी फळे ठेवली. तूच म्हणालास, ‘तुले अजून तेच वाटते ना, का मी चुकलो?’ मी म्हणालो, मला माहीत नाही. तू हसलास. मला वाटले तू पुढे बोलशील. तुला वाटले असेल मी विचारीन. मग डॉक्टर आले.

तीन वेळा, तीन गोष्टी. कोर्टाच्या बातमीत असे तीन जबाब आले असते, तर मी कोणताच छापला नसता.

परवा दिघोरीला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलो. वंदना झाली, लोक बोलले. एकाने तू किती प्रामाणिक होतास ते सांगितले, एकाने तू किती मिश्कील होतास ते. दोघेही बरोबर होते आणि माझी अडचण तीच होती. शेषरावही आला होता, केस पांढरे झालेले. सिनेमाच्या त्या पहिल्या दिवशी तो मेव्हण्याला घेऊन सहाचा खेळही पाहून गेला होता, हे मला तेव्हा कळले. मी उडालोच. बाराच्या खेळाला चूक झाली असेल, तर सहापर्यंत कुठल्याही ऑपरेटरने ती सुधारली असती. सहालाही तोच क्रम असेल, तर ते मुद्दाम होते. मी हे तेव्हाच, त्याच दिवशी तपासायला हवे होते.

‘शेषरावभाऊ, सहाच्या खेळाला आधी काय लागलं? स्फोट की मुखवटा?’

‘मुखवटा. मी मेव्हण्याले म्हटलं, पाहाय आता मजा.’ मग तो थांबला. ‘का स्फोट होता? दुपारचंच आठवून राहिलो का मी? सांगता नाही येत बाप्पा. मेव्हणा गेला, नाहीतर त्याले विचारलं असतं.’

जेवणानंतर वहिनींनी मला आत बोलावले आणि तुझी लोखंडी पेटी उघडली. त्यात टार्चवाल्याचे कॉमिक्स होते. दोन्ही भाग जाड दोऱ्याने एकत्र शिवलेले. दुसरा भाग वर, पहिला खाली. गोंदियाहून तो बाबू कधीतरी पुस्तक परत करून गेला असणार आणि तू हे असे शिवले असणार. मुखवटा आधी, स्फोट नंतर. अगदी त्या दुपारसारखे.

‘हे त्यांनी कधी शिवलं, वहिनी? सिनेमा यायच्या आधी की नंतर?’

‘मले नाही माहीत. त्याईले अशी कामं सुचत राह्यत.’

आधी शिवले असेल, तर भंडाऱ्याने ती गोष्ट जशी वाचली होती, तशीच तू ती भंडाऱ्याला दाखवलीस. नंतर शिवले असेल, तर आपल्या चुकीला पुस्तकाचा आधार दिलास. किंवा पहिला भाग उशिरा आला म्हणून तो नुसता खाली जोडलास. मी दोरा पाहिला. दोऱ्यावरून काही सांगता येत नाही.

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमी मले विचारून राहिले, शेषरावभाऊले विचारून राहिले. त्याईले कदी विचारलं का?’

‘विषय निघाला होता दोन-तीनदा.’

‘विषय नाही म्हणत मी. सरळ विचारलं का, तू मुद्दाम केलं का चुकून झालं?’

मी नाही म्हणालो.

‘ते वाट पाह्यत होते. म्हणत, पत्रकार हाय ना तो, एक ना एक दिवस विचारन. तुमी विचारलं असतं तर खरं सांगतलं असतं. मले तर कदी सांगतलं नाही. म्हणत, ज्यानं लिहिलं त्यालेच सांगीन.’

सुधाकर, मला राग आला. तुझा की माझा, ते सांगता येत नाही. इतकी वर्षे तू मशीनशिवाय काढलीस आणि एका प्रश्नाची वाट पाहत बसलास? आपणहून सांगता आले नसते? आणि तरीही तू मला रोज चहा पाजलास, माझ्या मुलीला सुट्टीत फुकट कॉमिक्स दिलेस, माझ्या पानावरच्या चुका सकाळी पहिल्यांदा तूच दाखवल्यास. त्यासाठी तुझे आभार मानायचे राहिले. तू रागावलेला होतास का, हेही विचारायचे राहिले.

परतीच्या बसमध्ये मी त्या पाच ओळी आठवून आठवून तपासल्या. रिळे उलटसुलट लागली, हे खरे, मी पाहिले. यंत्रचालकाच्या चुकीमुळे लागली, हे मला माहीत नाही आणि आता कधीच कळणार नाही. पण शेवटचे वाक्य होते, की प्रेक्षकांच्या लक्षातही आले नाही. ते खोटे होते, आणि लिहिताना मला माहीत होते की ते खोटे आहे. शेषराव माझ्या शेजारी उभा राहून ओरडला होता. अंधारात बसलेल्या त्या हॉलने न दाखवलेले स्वतः जोडले होते. त्यांना सगळे कळले होते. ज्याला काही कळले नव्हते, असा त्या हॉलमध्ये एकच माणूस होता, आणि त्याने बातमी लिहिली.

काल मी डेस्कवर दुरुस्ती दिली. तिथल्या मुलीने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, ‘सर, मूळ बातमी आता कोणाला आठवणार?’ तिचे बरोबर आहे. म्हणून ती दुरुस्ती इथे देतो:

‘दुरुस्ती. येथील एका चित्रपटगृहात परदेशी चित्रपटाच्या चौथ्या रिळाआधी पाचवे रीळ दाखवले गेल्याचे वृत्त पूर्वी या पानावर प्रसिद्ध झाले होते. प्रेक्षकांच्या ते लक्षात आले नाही, असे त्यात म्हटले होते. ते चुकीचे आहे. प्रेक्षकांना गोष्ट पूर्ण कळली होती. रिळांचा क्रम यंत्रचालक सुधाकर यांनी मुद्दाम बदलला होता की चुकून बदलला गेला, हे वार्ताहराने त्यांना विचारले नाही.’